वार (प्लॅसेंटा) आईच्या काळजीने बिघडत नाही

माझ्या मावसबहिणीचा सातव्या आठवड्यात गर्भपात झाला. चौथ्या दिवशी तिला कुणीतरी मेसेज ढकलला: 'वार आईच्या शरीरातून बनते. पहिल्या दोन आठवड्यांत आईने काळजी केली, तर स्टेम सेल्सना (ज्यांपासून इतर पेशी बनतात त्या मूळ पेशींना) चुकीचे सिग्नल जातात आणि गर्भ टिकत नाही. उंदरांवर सिद्ध!' खाली जोडलेले हात. तिने मला एवढंच विचारलं, "ताई, खरंय का गं?"

अहो, डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशोबाने पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो!

बरं, दिवस फलनापासून धरू. पाचव्या दिवसाच्या सुमारास गर्भ म्हणजे पेशींचा पोकळ गोळा. त्याच्या बाहेरच्या थरापासून वारेचा मुख्य भाग होतो, म्हणजे त्या पेशी गर्भाच्याच, जनुकं आईबापांची निम्मी-निम्मी. बाहेरच्या पेशींत हिप्पो हा सिग्नल मंदावतो, यॅप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि वारेकडे नेणारी जनुकं चालू होतात. तोवर गोळा गर्भाशयाला चिकटलेलाही नसतो. दिवस गेलेत हे तिलाच ठाऊक नाही, तर काळजी कसली करणार?

२०१८ मध्ये जपानमधल्या ओकाए आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या वारेच्या स्टेम सेल्स प्रयोगशाळेत वाढवल्या. डब्ल्यूएनटी आणि ईजीएफ हे सिग्नल चालू ठेवायचे, टीजीएफ-बीटा हा सिग्नल अडवायचा, सोबत आणखी दोन रोधक, म्हणजे पेशीतली ठरावीक कामं अडवणारी रसायनं. बशीत आई नव्हती, तिचं मन तर नव्हतंच, पेशी वाढल्या.

आणि उंदीर? त्यांच्या अशा पेशी १९९८ मध्येच मिळाल्या होत्या, पण त्यांना एफजीएफ-४ हे वाढीचं प्रथिन लागतं. माणसाच्या पेशींना ते लागत नाही. त्यामुळे उंदरावरचं जसंच्या तसं बाईवर चिकटवू नका.

एक मान्य करते. गर्भ रुजल्यावर गर्भाशयाच्या ग्रंथींचा स्राव त्याला पोसतो, त्यात ईजीएफही असतं. सिगारेटने वारेचं नुकसान होतं, हेही खरं. पण ग्रंथी म्हणजे विचार नव्हेत. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचाच घोळ असतो, आणि तो बहुधा बीजातूनच आलेला असतो.

बहिणीला मी यातलं काही लिहिलं नाही. 'तुझ्यामुळे नाही,' एवढंच पाठवलं. बाकीचं हात जोडून मेसेज ढकलणाऱ्यांसाठी.