'चार महिने आणि अकरा हजार': मिसिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझ्या १९८९च्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन मध्येच झटके खाणं) कशामुळे होतं ते शोधायला मी चार महिने आणि अकरा हजार रुपये घालवले. जूनमध्ये प्लगच्या वायरीवर खापर फोडलं, सप्टेंबरमध्ये डिस्ट्रिब्युटरवर (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग), म्हणजे मलाच काही कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी प्लग, वायरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर असं ठिणगीचं सगळं सामान एकदम बदललं असतं तर विषय संपला असता. तुमच्या गाडीत स्कॅनरनं दोन मिनिटांत सांगितलं. आणि खरा गुन्हेगार इथेनॉलचं पेट्रोल आहे, पण ते लिहायला मी कचरतो.

अहो, सगळं एकदम बदलायचं हेच तर मी मे महिन्यात केलं! तुम्ही दिलेली यादी आणि आमच्या मेकॅनिकची यादी यांत एका वस्तूचाही फरक नाही. गाडी तीन दिवस मख्खन चालली. चौथ्या दिवशी किंग्ज सर्कलच्या सिग्नलला उभा होतो, इंजिन चांगलं तापलेलं, आणि सायलेन्सरमधून पुन्हा तेच फट्, फट्. मेकॅनिक म्हणाला, पॉइंट डुप्लिकेट निघाले. दुसरे टाकले, पुन्हा तीन-चार दिवस बरे गेले. मग चोर बाजारातून जुन्या स्टॉकमधला ओरिजिनल सेट शोधून आणला. तोही चारच दिवस टिकला.

खरं तर इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी जोडी, ती उघडली की ठिणगी पडते. तो बदलताना नुसता पार्ट बदलत नाही, त्याचा गॅप म्हणजे उघडण्याचं अंतरही नव्याने लावलं जातं. गाडी सुधारत होती ती त्या गॅपमुळे. आम्ही मात्र श्रेय नव्या पार्टला देत होतो, आणि गाडी बिघडली की शिव्याही त्यालाच.

आता वायरीचं. मी शब्द फिरवला असं तुम्हाला वाटलं, पण दोष दोन होते आणि एकमेकांवर चढून बसले होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी गाडी सुरू होताना अडखळायला लागली. एका रात्री सोसायटीच्या कंपाउंडमधला दिवा वॉचमनला बंद करायला सांगितला, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या सिलिंडरची वायर क्लिपला घासत होती. तिथून नखाएवढी निळी ठिणगी इंजिनच्या अंगावर उडत होती, टिक टिक आवाज करत. वॉचमन दोन पावलं मागे सरकला. ही वायर महिन्याभरापूर्वीची, नवीकोरी, त्याच 'सगळं बदला' यादीतली! ती बदलली आणि सकाळचं अडखळणं गेलं. गरम झाल्यावरचं मिसिंग तसंच राहिलं. जूनच्या लेखात मी 'सापडलं' असं लिहून मोकळा झालो, ती घाई माझी.

त्यानंतर खरं शोधकाम सुरू झालं. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. (रबरी मुठीची पक्कड असूनही एकदा झटका खाल्लाच. डाव्या हाताने करू नये, एवढं शिकलो.) जो सिलिंडर मुळात कामच करत नाही, त्याची वायर काढली तरी इंजिनला फरक पडत नाही. माझ्या गाडीत चारही वेळा इंजिन सारखंच मंदावलं. म्हणजे चौघंही आपापलं काम करत होते, आणि अडचण जिथे चौघांचं एकत्र येतं तिथे होती: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर, नाहीतर कार्ब्युरेटर.

पेट्रोलची बाजू इथेच तपासली, कचरलो वगैरे काही नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. कॉम्प्युटरवाली गाडी ते ओळखून पेट्रोल वाढवते, बिचाऱ्या कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्ग नाही. जुन्या रबरालाही ते सोसत नाही, म्हणून मी पाइप बदलले. पण मिसिंग पातळ मिश्रणाचं असेल तर चोक थोडा ओढल्यावर, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवल्यावर, इंजिन सावरतं. माझं आणखी घुसमटलं. तेव्हा या एका आरोपातून पेट्रोल सुटलं, बाकीच्यांतून नाही.

मग टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावला. पुलीवरची खूण एका जागी थिजल्यासारखी दिसायला हवी, ती गरब्यात असल्यासारखी नाचत होती. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, शाफ्टवर बसलेला फिरता रोटर दोन बोटांत धरून आडवा हलवला आणि शाफ्ट चक्क डुलला. आतला बुश (शाफ्टला धरून ठेवणारी धातूची नळी) झिजला होता. शाफ्टवरच्या कॅमचे चार उंचवटे पॉइंट उघडतात. त्या प्रत्येकावर फिलर (गॅप मोजायची पातळ पाती) घालून पाहिलं. एकावर गॅप बरोबर, ०.४५ मिलिमीटर. त्याच्या समोरच्यावर ०.३०ची पातीही जेमतेम गेली. गॅप कमी तर ठिणगी उशिरा, जास्त तर लवकर, आणि कॉइलला भरायला मिळणारा वेळही दर वेळी वेगळा. अशा शाफ्टवर कुठलाही पॉइंट लावा, तो चार दिवसांत घसरणारच.

स्कॅनरबद्दल थोडं. तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर क्रँक फिरतानाचा प्रत्येक झटका मोजतो, म्हणून त्याला पी०३०३ हा कोड देऊन, म्हणजे तिसरा सिलिंडर, असं सांगता येतं. कुठे ते सांगतो, का ते नाही. तुमच्या नशिबाने ते कॉइल निघालं. वायरी काढून मला जे कळलं ते त्याच्या भाषेत पी०३००: कुठलाही एक नाही, सगळेच अधूनमधून.

आता तुमचा पटलेला मुद्दा. चार महिने लागायला नको होते. रोटर हलवून बघायला दहा सेकंद लागतात, खर्च शून्य. मी ते मे महिन्यातच करायला हवं होतं. केलं नाही, कारण मी आणि मेकॅनिक, दोघंही दुकानात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये दोष शोधत होतो, आणि झिजलेला बुश काउंटरवर मिळत नाही. कुर्ल्यात सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत एका लेथवाल्याने गनमेटलचा बुश बनवून बसवला, सातशे रुपये घेतले. अकरा हजारांतले उरलेले जवळपास सगळे तुमच्या पद्धतीचे आहेत. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोपर्यंत असं काम करणारे हात नाक्यानाक्यावर होते. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची टॅक्सी थांबली आणि ते हातही रिक्षांकडे वळले. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली तिथेही मला तीन दुकानांतून 'भंगारात द्या' ऐकावं लागलं. तुम्हीही तेच लिहिलंय, तेव्हा चौथे तुम्ही.

शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलुंडला तुमच्या मामांच्या पद्मिनीलाही असाच त्रास आहे आणि रविवारी नवी कॉइल टाकणार आहात. कॉइल आणा, पण पाकीट फोडू नका, म्हणजे परत देता येईल. आधी इंजिन बंद करून कॅपच्या दोन क्लिपा काढा आणि रोटर आडवा हलवून बघा. गोल फिरवलात तर तो थोडा फिरून स्प्रिंगने परत येईल, ते बरोबर आहे, घाबरू नका. आडवा मात्र हलता कामा नये. हललाच, तर लेथवाल्याचा पत्ता मला विचारा.