बिलेजिकचं बिस्किट

शाळेच्या ग्रुपवर आज सकाळी एक चित्र आलं. तुर्की मालिकेतला दाढीवाला नट, मागे सूर्यास्त, खाली ओळ: ‘माणसाला जगव, म्हणजे राज्य जगेल. – शेख एदेबाली.’ तेवढ्यावरून दोन तास जुंपली. एक म्हणाला, राजा घडवणारा गुरू असावा तर असा. दुसरा म्हणाला, तुर्की सुलतानांचे गुरू आपल्या ग्रुपवर कशाला? तिसऱ्याने मधेच गुड मॉर्निंगची फुलं टाकली, तोच काय तो शहाणा.

मी तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहितेय, कारण त्या बाबांच्या दारात मी जाऊन आलेय, आणि आमची आई तिथे उपाशी उभी होती.

सात-आठ वर्षं झाली. जूनमध्ये आई आणि मी तुर्कस्तानात होतो. बुर्सामध्ये तुर्की सुलतानांच्या घराण्याचा मूळपुरुष उस्मान गाझी याची कबर बघितली, दुसऱ्या दिवशी बस पकडून बिलेजिकला गेलो. तिथे गावाच्या उताराखाली, उस्मानचा मुलगा ओरहान गाझी याच्या मशिदीजवळ उस्मानच्या गुरूंची, म्हणजे एदेबालींची कबर आहे. नेमकी त्या दिवशी संकष्टी. परदेशात कसली संकष्टी, असं मी म्हणून बघितलं आणि जे ऐकायचं ते ऐकलं. आत डोक्यावर ओढणी घेऊन दर्शन घेतलं. बाहेर आलो तर एक आजीबाई हातात परात घेऊन उभ्या. दोन साधी बिस्किटं, मधे लोकुम या तुर्की मिठाईची गुलाबी वडी दाबलेली. येईल-जाईल त्याच्या हातावर एकेक ठेवत होत्या. आम्ही कोण, कुठल्या, काही विचारलं नाही. आईने बिस्किट घेतलं, कपाळाला लावलं, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. आजीबाईंना वाटलं आवडलं नाही, म्हणून त्यांनी आणखी एक दिलं.

आता त्या ‘राजा घडवणाऱ्या’ गुरूबद्दल. ती ओळ जुन्या बखरींत नाहीच, अलीकडे कुणीतरी त्यांच्या नावावर चिकटवली. बखरीत काय आहे? आशिकपाशाझादे हा पंधराव्या शतकातला बखरकार लिहितो, की एदेबाली दरवेशी बाण्याचे, पण मेंढरं भरपूर, आणि त्यांचं अतिथिगृह कधी रिकामं नसे. उस्मान तिथे अधूनमधून मुक्कामाला यायचा. पाहुणा म्हणून! ज्याच्या वंशाने पुढे सहाशे वर्षं राज्य केलं, तो माणूस या गोष्टीत शिरतो तो दुसऱ्याच्या घरी जेवायला आणि झोपायला.

आणि तिथेच त्याला ते प्रसिद्ध स्वप्न पडतं. शेखच्या छातीतून चंद्र उगवतो, उस्मानच्या छातीत शिरतो, त्याच्या बेंबीतून झाड फुटतं आणि त्याची सावली जगभर पसरते. शेख अर्थ सांगतात की राज्य तुला, आणि मुलगीही तुला. ग्रुपवाले इथे थांबतात. राज्य मिळालं ना, संपलं! पण त्या झाडाखाली डोंगर आहेत, डोंगरांच्या पायथ्याला पाणी आहे, कुणी ते पितंय, कुणी बागेला देतंय, कुणी पाणपोया चालवतंय. हे कोण फॉरवर्ड करणार?

बरं, मान्य, हे सगळं उस्माननंतर दीडशेएक वर्षांनी लिहिलेलं आहे. त्या मुलीच्या नावावरसुद्धा बखरींचं एकमत नाही. आणि हो, बिलेजिक उस्मानने प्रवचन देऊन घेतलेलं नाही, तलवारीनेच घेतलं. घराण्याला राज्याची सनद हवी होती म्हणून स्वप्न रचलं असेल, तर तेही मला पटतं. आपल्याकडेही राजे आणि त्यांचे गुरू यांवरून कमी का डोकी फुटलीत?

पण रचणाऱ्याने दरबार का नाही निवडला? अन्नछत्र का निवडलं? हेच मला सकाळपासून छळतंय.

त्याच बखरीतला आणखी एक किस्सा. राज्याचं भाकीत कळल्यावर एदेबालींचा एक शिष्य उस्मानला म्हणतो, आम्हाला काय देणार? उस्मान शहर देऊ करतो. तो म्हणतो, एवढं नको, एक खेडं पुरे, पण लिहून दे. उस्मान म्हणतो, मला कुठे लिहिता येतं? ही बापजाद्यांची तलवार घे आणि हा पाण्याचा पेला घे, खूण म्हणून. मी हे वाचून मोठ्याने हसले होते. सनद काय, तर तलवार आणि पाण्याचा पेला. आमच्या ग्रुपवर सगळ्यांना फक्त तलवार दिसते. एकाला ती मिरवायची असते, दुसऱ्याला तिची भीती घालायची असते.

जाऊ दे. लिहायला बसले तेव्हा दोघांची नावं घेऊन लिहिणार होते. आता तेवढा राग उरला नाही. त्यातल्या एकाच्या आईने दहावीच्या सुट्टीत महिनाभर मला जेवू घातलंय.

तर त्या रात्री आम्ही बुर्साच्या हॉटेलात. कालनिर्णयात बुर्साचा चंद्रोदय कुठून असणार? आई खिडकीशी खुर्ची घेऊन बसलेली, मी दर दहा मिनिटांनी ‘आला का गं?’ विचारतेय. साडेअकराला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून आला एकदाचा. आईने हात जोडले, रुमाल सोडला. दिवसभर पर्समध्ये राहून दोन्ही बिस्किटं मऊ पडली होती, लोकुम रुमालाला चिकटला होता. तिने तो नखाने खरवडून काढला आणि एक बिस्किट माझ्यापुढे धरलं. “घे, तुझ्या वाटचं. आजींनी दोन उगीच नाही दिली.”