हळद, मनुके, गुळवेल: २१ दिवसांत फॅटी लिव्हर बरं होतं का?

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय. उपाशीपोटी चमचाभर हळद, चिमूटभर काळी मिरी आणि गुळवेलीचा रस घ्या, वर मूठभर काळे मनुके खा. २१ दिवसांत ग्रेड २ चं (सोनोग्राफीत मध्यम चरबी दिसणारं) फॅटी लिव्हर नॉर्मल, गोळ्या बंद, अपाय शून्य. यातल्या बऱ्याच गोष्टींवर खरोखर संशोधन झालंय, म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

“हळदीतलं करक्युमिन यकृतातली चरबी काढतं.”
उंदरांमध्ये हे दिसलंय. तिथे साधारण किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅम शुद्ध करक्युमिन देतात. माणसासाठी हिशेब करताना या डोसला १२ ने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम. चमचाभर हळद ३ ग्रॅमची आणि तिच्यात करक्युमिन सुमारे ३ टक्के, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम. त्यातलंही रक्तात फारच थोडं पोहोचतं. माणसांवरच्या काही चाचण्यांत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि चरबी थोडी उतरली, पण बहुतेक चाचण्या छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या होत्या आणि अनेकींमध्ये आहाराचा सल्लाही सोबत होता. वरणा-भाजीतली हळद उत्तमच आहे, मात्र तिच्याकडून औषधाच्या डोसची अपेक्षा धरू नका.

“मिरीमुळे हळदीचा गुण २० पट वाढतो.”
हा आकडा १९९८ च्या एका छोट्या अभ्यासातला. २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण वाढलं, तेही पहिल्या तासाभरापुरतं. तिथे मोजलं होतं रक्तातलं करक्युमिन. यकृताची चरबी कुणी पाहिलीच नव्हती. शिवाय पायपरिन हे करतं कसं? यकृत बाहेरचे पदार्थ ज्या मार्गाने निकालात काढतं, तो मार्गच मंदावून. त्यामुळे फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

“काळ्या मनुकांतलं रेझव्हेराट्रॉल लिव्हर साफ करतं.”
द्राक्षांच्या गावात हा मुद्दा लगेच पटतो. रेझव्हेराट्रॉल मुख्यतः सालीत असतं, आणि किलोभर गडद द्राक्षांतही फार तर काही मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये रोज ५०० ते ३००० मिलिग्रॅम दिलं, तरी निकाल एकसारखे आले नाहीत. याउलट ३० ग्रॅम मनुकांत १८ ते २० ग्रॅम साखर असते, आणि त्यातली निम्मी फ्रुक्टोज. जादा फ्रुक्टोजपासून यकृत चरबीच तयार करतं. हंगामात जेवणानंतर वाटीभर द्राक्षं खायला हरकत नाही. औषध म्हणून मनुके नकोत. वाईनचं तर नावच काढू नका.

“२१ दिवसांत ग्रेड २ नॉर्मल.”
यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी म्हणजे फॅटी लिव्हर. साध्या सोनोग्राफीला मात्र ती साधारण २० ते ३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच खात्रीने दिसते, आणि ग्रेड तपासणाऱ्यागणिक बदलू शकते. म्हणून “नॉर्मल” रिपोर्टवर विसंबू नका. खरा प्रश्न फायब्रोसिसचा, म्हणजे यकृत घट्ट होत जाण्याचा, आणि ग्रेड त्याबद्दल काही सांगत नाही.

त्यासाठी फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा काढा: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). समजा वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.८ लाख. मग २४९६ भागिले (१८० × ८), म्हणजे १.७३. प्लेटलेट हजारात लिहायच्या, १८०. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. १.३ च्या आत आकडा दिलासादायक, वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी. पस्तिशीच्या आत हे सूत्र भरवशाचं नाही, आणि ६५ नंतर सीमारेषा २ धरतात.

चरबी उतरते ती वजनाबरोबर. ८० किलोच्या माणसाने ४ किलो कमी केले की चरबी घटू लागते, साडेपाच ते आठ किलो घटले की सूजही ओसरते. आठवड्याला अर्धा ते एक किलो, याहून घाई नको. मिसळीवरची जिलेबी आणि कोल्ड्रिंक आधी बंद करा. साखरेविना कॉफी चालेल. ती पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो, हे अनेक निरीक्षणांत दिसलंय.

“गोळ्या बंद करा.”
मुळीच नाही. गोळ्या मधुमेहाच्या असतील आणि त्या सोडल्याने मधुमेह मोकाट सुटला, तर यकृताचं नुकसानच वाढतं.

“नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.”
सर्वांत घातक वाक्य हेच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे इतर केंद्रांतूनही अशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीवर आक्षेप घेतला होता. पण बाजारातल्या रसात नेमकी कुठली वेल आहे, हे तुम्ही तरी कसं ओळखणार? अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि त्यांतल्या काही कॅप्सूलमध्ये मिरीही होती. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्यही रोज ८०० मिलिग्रॅमवर गेलं की यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात.

असं काही घेत असाल आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा भूक मेली, तर त्याच दिवशी ते थांबवा, लिव्हर फंक्शन टेस्ट करा आणि डॉक्टरांकडे जाताना ती बाटली किंवा डबी सोबत न्या.