चौदा फुटी घराच्या खिडक्या

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून गाडीमागे जोडून न्यायचा एक प्रवासी ट्रेलर बांधून घ्यावा, ही कल्पना माझी होती, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. कारण पुढे जे घडले त्यात कोणाचा किती वाटा होता, याविषयी आमच्या घरात अद्याप एकमत झालेले नाही. चाकांपासून शौचालयापर्यंतचे सगळे निर्णय एका दुपारी आटोपले. गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत बसगाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या एका कारखान्यातील मेस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, कागदावर चौदा फूट लांबीची पेटी काढली, तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, पेन्सिल कानावर खोचली आणि अगदी सहज विचारले, "जनेलां खंयचीं घालूं?"

खिडक्या कोणत्या घालायच्या, या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला चार महिने लागले.

पोर्तुगीज गेले, पण त्यांची 'जनेला' कोंकणीत जनेल होऊन राहिली, आणि त्या जनेलाविषयी मत असावे लागते हे मला साठी उलटेपर्यंत कळले नव्हते. आमच्या म्हार्दोळच्या घराला आजोबांनी बसवलेल्या खिडक्या आहेत. उभे लाकडी गज, वर दोन झडपा, खाली दोन झडपा. वरच्या उघडल्या की उजेड येतो, खालच्या उघडल्या की मांजर येते. ही व्यवस्था कोणी निवडली होती असे मला कधी वाटलेच नाही. पाऊस पडतो तशी ती खिडकी होती. त्यामुळे मेस्ताने मोबाइलवर खिडक्यांची चित्रे एकामागून एक सरकवायला सुरुवात केली, तेव्हा वधूपित्याने स्थळांचे फोटो पाहावेत तसा मी गंभीर झालो.

पहिले स्थळ सरकत्या खिडकीचे होते. ती सर्वांच्या परिचयाची, स्वस्त आणि वाटेल तेथे मिळणारी. चालत्या गाडीत ती फडफडत नाही आणि शेजारून जाणाऱ्याच्या कपाळावरही आपटत नाही. तिच्या खालच्या पन्हळीत पाणी साचते म्हणून बाहेरच्या बाजूला बारीक छिद्रे ठेवलेली असतात, आणि ती कचऱ्याने बुजली की तेच पाणी आत वळते, एवढे मेस्ताने प्रामाणिकपणे सांगितले. सौभाग्यवतींनी मात्र अधिक मूलभूत मुद्दा काढला. "अहो, दोन काचांपैकी एक सरकून दुसरीच्या मागे जाणार, म्हणजे काही झाले तरी अर्धीच खिडकी उघडणार. मग पैसे पूर्ण खिडकीचे का द्यायचे?" मेस्ताने कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

दुसरी, काचेच्या आडव्या पट्ट्यांची. बाजूचा दांडा फिरवला की सगळ्या पट्ट्या एकदम आडव्या होतात आणि खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. अमेरिकेत 1950 आणि 1960 च्या दशकांतल्या ट्रेलरांना ही खिडकी फार आवडत असे. तिचे फ्रेंच नाव 'जालुझी' असून त्याचा मूळ अर्थ मत्सर, कारण आतल्यांनी बाहेर पाहावे आणि बाहेरच्यांना आतले दिसू नये, हा त्या रचनेचा हेतू, असे मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगितले. आईचे वय ब्याऐंशी. आतल्यांनी बाहेर पाहावे आणि बाहेरच्यांना आतले दिसू नये, याच तत्त्वावर तिने आयुष्यभर संसार केला आहे. त्यामुळे ती विरघळेल अशी माझी अपेक्षा होती. तिने चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि विचारले, "अरे, ही तर न्हाणीची खिडकी. आपण न्हाणीत बसून गावोगाव हिंडायचे आहे का?" त्या वाक्याने फ्रेंचांची सगळी कल्पकता धुऊन निघाली. शिवाय या पट्ट्या कितीही आवळल्या तरी त्यांच्यात फट राहतेच, आणि आमच्याकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर तासभर प्रवास केल्यावर आतल्या चादरींचा रंग कोणता झाला असता, हे सांगायला नको.

तिसऱ्या खिडकीवर मात्र माझा जीव जडला. तिला बाहेरून चौकट दिसतच नाही. काळीशार काच भिंतीच्या पातळीत अशी बसलेली असते की ट्रेलर एखाद्या परदेशी विमानतळावरून थेट आल्यासारखा वाटावा. मी ते चित्र रोज रात्री झोपण्यापूर्वी पाहू लागलो. आठव्या रात्री सौभाग्यवतींनी तो भ्रमणध्वनी माझ्या हातून घेतला, खालची बारीक अक्षरे वाचली आणि ही खिडकी तळाशी फक्त चार इंच उघडते हे उघडकीस आणले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून चार इंच दाखवले व म्हणाल्या, "एवढ्यातून वारा यायचा तर त्याला पालथे पडून सरपटत यावे लागेल." मे महिन्यातल्या गोव्यात दुपारी दोन वाजता वारा उभ्यानेही येत नाही, हे मला ठाऊक असल्यामुळे मी ते प्रेम मनातच ठेवले.

याच सुमारास मेहुण्यांनी प्रकरणात प्रवेश केला. दाबोळीला नौदलाच्या विमानांच्या देखभालीत त्यांची उमेद गेलेली आहे, आणि जगातील प्रत्येक वस्तू ते उडण्याच्या योग्यतेची आहे की नाही या कसोटीवर तपासतात. मी कागदावर काढलेल्या खिडक्यांचे कोपरे काटकोनी आहेत हे पाहून त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "भाऊजी, 1954 मध्ये कॉमेट विमाने आकाशात का फुटली, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत नव्हते, परंतु पुढच्या पाऊण तासात मला पाण्याची प्रचंड टाकी, तिच्यात बुडवलेले विमान, हजारो वेळा दिलेला आणि काढलेला दाब, पत्र्यात कापलेल्या झरोक्यांच्या कोपऱ्यांशी साचणारा ताण आणि धातूचा थकवा या सर्वांची माहिती झाली. आमचा ट्रेलर जास्तीत जास्त चोर्ला घाट चढणार असून पस्तीस हजार फुटांवर जाणार नाही, असे मी नम्रपणे सुचवले. "थकवा उंची पाहून येत नाही," असे ते म्हणाले. गंमत अशी की त्यांचे कारण आमच्यासाठी फार मोठे असले तरी निष्कर्ष बरोबर निघाला. रस्त्याच्या धक्क्यांनी ट्रेलरची भिंत सतत किंचित पिळवटत असते, कोपरा टोकदार असला की चीर तेथूनच सुरू होते, आणि गोल कोपऱ्यावरून पाणी रोखणारी पट्टी न तुटता एकसंध फिरवता येते, हे मेस्तानेही नंतर सांगितले. पण त्याने ते दोन वाक्यांत सांगितले.

आईने या काळात आपला स्वतंत्र प्रस्ताव मांडला. तिचे माहेर पणजीतल्या मळा नावाच्या वाड्यातले. तेथील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपट्या शिंपल्या बसवलेल्या असत. काच दुर्मिळ आणि महाग होती त्या काळातली ही युक्ती. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत तळहाताएवढ्या शिंपल्या ओळीने सरकवलेल्या, त्यांतून दुधात हळद मिसळल्यासारखा उजेड आत येई, मात्र आरपार काही दिसत नसे. "उजेड आत, नजर बाहेर," असे तिने आपल्या मागणीचे सार सांगितले. कल्पना इतकी सुंदर होती की मी दोन दिवस तिच्यावर खरोखर विचार केला. परंतु त्या शिंपल्यांचा जीव आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहे, आणि ज्या खिडकीतून सह्याद्री पाहायचा तिच्यातून सह्याद्री दिसणारच नसेल तर घाट चढायचा कशाला, हा प्रश्नही उरत होता. "आम्ही चार पिढ्या न बघता राहिलो," असे म्हणून आईने जपमाळ उचलली.

अखेर निर्णय पावसाने केला. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही अनेकदा आडवा. अशा प्रदेशात पाऊस आला की बंद करावी लागणारी खिडकी म्हणजे तिसरा महिना संपेपर्यंत बुरशी आलेले घर, हे सौभाग्यवतींचे म्हणणे होते. चौदा फुटांत तीन माणसे झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ थंड काचेवर साचून पहाटेपर्यंत उशीवर टपकू लागते, म्हणून थोडी तरी फट रात्रभर उघडी हवी. बिजागरी वर आणि उघडे तोंड खाली अशी, छपरीसारखी बाहेर पसरणारी खिडकी एवढ्यासाठीच असते. पाऊस तिच्या पाठीवर पडतो आणि वारा तिच्या पोटाखालून आत शिरतो. युरोपातल्या ट्रेलरांना ती अ‍ॅक्रिलिकच्या दुहेरी पत्र्याची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची बसवतात. काचेहून हलकी, मध्ये हवेचा थर, आणि आतल्या चौकटीतच वरून डासांची जाळी उतरते, खालून पडदा चढतो आणि दोघे अर्ध्या वाटेवर एकमेकांत अडकतात. आमच्या घरात कोणतेही दोन पक्ष इतक्या सामोपचाराने मध्यावर आलेले मी पाहिले नव्हते.

तेवढ्यात मेस्ताने संकटकालीन खिडकीची आठवण करून दिली. दार एकच, आणि ओटा दाराजवळ; गॅस पेटला तर पलंगावरच्या माणसाने बाहेर कसे पडायचे? म्हणून पलंगाशेजारची एक खिडकी लाल मुठीची, आतून पूर्ण उघडणारी आणि माणूस जाईल एवढी मोठी हवी. माणूस म्हणजे केवढा, याचे उत्तर मी अमेरिकेतल्या ट्रेलरांच्या अग्निसुरक्षा नियमात शोधले. तेथे 24 इंच रुंद आणि 17 इंच जाड असा एक चपटा गोलक त्या तोंडातून अडथळ्याशिवाय पार झाला पाहिजे असे म्हटले आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी माणसाच्या जागी चक्क भोपळा कल्पिला आहे. मी हसलो. मग मेस्ताने त्याच मापाचे भोक पाडलेला पुठ्ठा दोन माणसांच्या हातात उभा धरला आणि मला आत शिरायला सांगितले. हात गेले, डोके गेले, एक खांदा गेला, आणि बँकेतील छत्तीस वर्षांच्या बैठ्या नोकरीने कमावलेला माझा मध्यभाग पुठ्ठ्यात रुतून बसला. आई कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "भोपळा गेला असता," असे ती म्हणाली. पलंगाची खिडकी आम्ही सहा इंचांनी वाढवली.

काचेच्या रंगाचा वाद मी थोडक्यात उरकतो. मला गडद हवी होती. पण वाहनाच्या बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आत गेलाच पाहिजे, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातलेली आहे, हे पुतण्याने कायद्याच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा आवाजात सांगितले. फिकट धुरकट छटा ठरली. पट्ट्यांची खिडकीही शेवटी घेतली, अगदी छोटी, शौचालयाला. आई काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे पाहिले.

"आदीं जनेल हाड, मागीर बुराक मार," म्हणजे आधी खिडकी आण, मग भोक पाड, हा मेस्ताचा नियम होता, आणि तो त्याने पाळला. कागदावरचे माप आणि पेटीतून निघालेले माप यांत नेहमी थोडा झगडा असतो, आणि भिंतीत चुकून मोठे पाडलेले भोक पुन्हा लहान होत नाही. चौकटीच्या कडेने त्याने चुइंगमसारखी करडी, चिकट ब्यूटाइलची पट्टी लावली, खिडकी बाहेरून दाबली, आतून कडे बसवले आणि समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळत गेला, तशी ती पट्टी चारी बाजूंनी एकसारखी बाहेर पिळून आली. मग मला आत कोंडून त्याने अर्धा तास बाहेरून पाण्याच्या पाइपचा मारा केला. मी टॉर्च घेऊन प्रत्येक कोपरा तपासत होतो. एकही थेंब आला नाही. घाम मात्र बराच आला, कारण खिडक्या बंद होत्या.

ट्रेलर घरी आला त्याच दिवशी सौभाग्यवतींनी जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून मोठी खिडकी पुसली. काच वर्तमानपत्राने चकाकते आणि अ‍ॅक्रिलिकवर त्याच वर्तमानपत्राने चरे उमटतात, ही माहिती मी द्यायला विसरलो होतो. तो चरा अजून आहे. ऊन तिरपे आले की तो मांडवी नदीच्या नकाशासारखा दिसतो, आणि दोष बोळ्याचा की माहिती न देणाऱ्याचा, हे अजून ठरायचे आहे. त्याच रात्री आतला दिवा लावून पुतण्याला बाहेर उभे केले, कारण धुरकट काच दिवसा जे झाकते ते रात्री दिवा लागला की उलट बाहेर दाखवते, अशी शंका आईने काढली होती. "काही दिसते का रे?" मी आतून विचारले. "काकू चष्मा शोधताहेत," असे उत्तर आले, "तो त्यांच्या डोक्यावर आहे." खालून चढणारे पडदे त्या क्षणी वर गेले.

पावसाळा संपेपर्यंत ट्रेलर अंगणातच, रस्त्याला लागून फणसाखाली उभा आहे. सकाळचा चहा मी आत बसून घेतो. मोठ्या खिडकीतून सह्याद्रीऐवजी आमचा न्हाणीचा चुल्हा आणि शेजाऱ्यांची केळ दिसते. पण बाहेरून ती खिडकी उजेडात आरशासारखी लखलखते, आणि या आरशाची बातमी गावात पसरलेली आहे. पोस्टमन टोपी सारखी करतो, शाळेची मुले दात पाहतात. परवा मासळीवाली आली, टोपली खाली ठेवली आणि माझ्या नाकापासून हातभर अंतरावर उभी राहून अंबाड्यावरची जायांची फाती, म्हणजे जाईचा गजरा, नीट करू लागली. एक पिन दातांत, दुसरी केसांत. तिला संकोच वाटू नये म्हणून मी कप ओठांशी धरून श्वाससुद्धा रोखला. फाती मनासारखी बसल्यावर तिने मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली, आणि मग बोटाच्या पेराने माझ्या खिडकीवर दोनदा टकटक केले.

"दादा, भितर बसून कितें पळयतात? बांगडे जाय?"