पाइप लावून नट आवळा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं, की चाकाचे नट जितके टाइट तितकं चाक सेफ, पान्याला पाइप लावून वर उभं राहायचं, आट्यांना ऑइल लावायचं, माल भरणार असाल तर अजून एक दणका द्यायचा, एकदा आवळलं की परत बघायची गरज नाही, आणि टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला पोचलं की क्लिक वाजवणारा पाना) म्हणजे शोरूमवाल्यांचा पैसे काढायचा धंदा. भाजी, दूध, सिमेंट वाहणारी पोरं हे वाचून खरंच तसं करतात आणि रात्री घाट उतरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतोय.

जितकं टाइट तितकं सेफ, हे सगळ्यात घातक. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो, त्या ओढीने रिम हबवर (चाक ज्यावर बसतं त्या गाडीकडच्या फिरत्या भागावर) दाबून बसते, आणि गाडीचं वजन, ब्रेकचा झटका सगळं मुख्यतः त्या दाबाच्या घर्षणावर पेललं जातं. 12 मिलिमीटरच्या स्टडला कोरड्या आट्यांवर 110 न्यूटन मीटर टॉर्क (टॉर्क म्हणजे नट फिरवायचा पीळ, न्यूटन मीटर हे त्याचं माप) दिला तर साधारण साडेचार टन दाब तयार होतो, पाच नट धरले तर 20 टनांच्या वर. आता पाइपचा हिशोब करा. 70 किलोचा माणूस 40 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी 275 न्यूटन मीटर होतात, 1 मीटरचा पाइप लावला तर 690 च्या आसपास! एवढ्यात 12 चा स्टड कायमचा लांबतो, आटे जातात, नाहीतर तिथेच तुटतो. आणि लांबलेला स्टड नीट धरून ठेवत नाही, दाब उलट कमी होतो, बाहेरून मात्र नट टाइटच वाटतो. रिमच्या भोकाची उतरती कड दबते ती वेगळीच. शिवाय एक नट जास्त एक कमी आवळला गेला की पुढची ब्रेक डिस्क वाकडी होऊन ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागतं, मग लोक अलाइनमेंट करत फिरतात.

सैल ठेवा असं मी अजिबात म्हणत नाहीये. सैल नटामुळे रिम हबवर हलते, भोकं लांबट होतात आणि स्टड पुढेमागे वाकून वाकून तुटतो. दोन्हीकडे धोका आहे म्हणूनच कंपनी आकडा देते, आणि तो गाडीगणिक वेगळा असतो. एकाच फोर्डच्या पिकअप बघा, 12 च्या स्टडवाल्या रेंजरला 135 न्यूटन मीटर आणि 2015 नंतरच्या एफ-150 ला, जिचा स्टड 14 चा आहे, 204. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्येच बघायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही.

ऑइल लावा म्हणतात तो मुद्दा. नटाला दिलेल्या जोरातला साधारण 90 टक्के घर्षणातच जातो, फक्त 10 टक्क्यांच्या आसपास स्टड ताणायला लागतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी होतं, मग तोच 110 चा टॉर्क साडेचारऐवजी सहा टनांपर्यंत ओढू शकतो. कंपनीचा आकडा बहुतेक वेळा स्वच्छ कोरड्या आट्यांसाठी असतो. गंज असेल तर वायर ब्रशने काढा, हबची आणि रिमची बसायची जागाही घासून घ्या.

माल जास्त म्हणून टॉर्क जास्त, हेही चूक, कारण तो आकडा पूर्ण पासिंग वजन (गाडीला मंजूर असलेलं मालासकटचं वजन) धरूनच दिलेला असतो. ओव्हरलोड केला तर नट आवळून तो भरून निघत नाही, एवढंच.

एकदा आवळलं की बघायचं नाही? नव्याने बसवलेल्या चाकात रंग, गंज, धूळ दबून जागा बसते आणि दाब थोडा उतरतो. म्हणून 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर, चाक थंड असताना, परत टॉर्क तपासायचा. पंक्चर काढलेलं चाक बसवलं असेल तरी हेच.

राहिला टॉर्क रेंच. हायवेवरच्या टायरवाल्यांची, हवेच्या दाबाने नट आवळणारी अर्धा इंची एअर गन 500 न्यूटन मीटरच्या वर सहज जाते. काही ठिकाणी गन मारून वर टॉर्क रेंचचा क्लिक ऐकवतात, त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण नट आधीच 400 ला आवळलेला असला तरी 110 ला क्लिक वाजणारच. आधी नट हाताने फिरवा, निमुळती बाजू रिमकडे (तुमच्या गाडीचे नट तसे असतील तर), मग समोरासमोरचे नट घेत अर्धे आवळा, पाच असतील तर एक सोडून एक, आणि चाक जमिनीला टेकवून शेवटचा टॉर्क रेंचने द्या. रस्त्यात रेंच नसेल तर गाडीसोबत आलेला पाना, फक्त हात, पाय नाही, पाइप नाही. 40 सेंटिमीटरच्या पान्यावर 30 किलोचा जोर म्हणजे 118 च्या आसपास होतात, गॅरेजपर्यंत पोचायला तेवढं चालतं, तिथे नीट टॉर्क करून घ्या. आणि स्वतःचा रेंच घेतलात तर त्याने नट खोलू नका, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते आणि आकडा चुकायला लागतो.