आजींसाठी झारखंडची बाई ठेवताना

आजारी माणसांसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोतून मुलगी आली की तिचं नाव विचारू नका. बावीस वर्षांची असली तरी 'मावशी' म्हणा. बदली येईल तीही मावशीच, पाठांतर वाचतं. मग तिचा कप-ताट वेगळं काढा आणि माठाला हात लावायचा नाही, असं बजावा. त्याच हातानं आजींच्या तोंडात घास जातो, पण त्यात पडू नका.

पक्षाघातानंतर ती आजींना मऊ भात कालवून देऊ पाहील. "भातानं कुठं ताकद येते?" असं म्हणून कडक भाकरी आमटीत कुस्करा, वर शेंगा चटणी भुरभुरा. पातळ आमटी आधीच घशात घरंगळते, तुकडा मागं राहतो, चटणीचा कण भलत्या नळीत शिरतो. ठसका लागला की "हिला भरवता येत नाही" म्हणायला तुम्ही मोकळे. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे तिला ठाऊक असतं. पण तेवढ्यात तुमची मालिका लागते ना!

आजींची मराठी गेली, तेलुगू तेवढी उरली. 'नोप्पी' म्हणजे दुखतंय, 'नीळ्ळु' म्हणजे पाणी. असे दहा शब्द भिंतीवर लिहून ठेवू नका. ती पाणी पाजत राहील, कंबर दुखत राहील.

एअर मॅट्रेसचं प्लॅस्टिक पाहुण्यांना दिसायला नको. वर सोलापुरी चादर दुहेरी घालून गच्च खोचा, मोर दिसले पाहिजेत. कप्पे आलटूनपालटून फुगतात ते दाब एका जागी राहू नये म्हणून. जाड चादरीत ती हालचाल जिरते. तिनं एकच पातळ सुती चादर सैल अंथरली तर रागवा. माकडहाडापाशी लाल डाग दिसला की तेल लावून रगडायला लावा. आधीच दबून नाजूक झालेली कातडी त्यानं आणखी दुखावते, पण तेलाला नाही म्हणायची आपली रीत नाही.

कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. रात्री बाराला, दोनला, चारला ती उठते. दुपारी डुलकी लागली की फोटो काढून ब्युरोला पाठवा.

वसंतात ती सरहूलला गावी जाते म्हणेल. "हा कुठला सण?" असं विचारा. जानेवारीत सगळं घर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलं तेव्हा आजींपाशी कोण होतं, हा विषय मात्र काढू नका.