शिट्टीवाल्याला निरोप कोण देतं?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या क्रिस पॉलच्या शेवटच्या मोसमाचा विषय निघाला आणि चहा यायच्या आधीच पक्याचा आवाज चढला.

"रेफ्री स्कॉट फॉस्टरनं स्वतः जाऊन पॉलची माफी मागायला हवी. सलग १३ प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने! फॉस्टर रेफ्री असला की पॉल हरणार, हे ठरलेलंच."

"त्या १३ सामन्यांत फॉस्टरनं किती बास्केट टाकल्या रे?" मेघाताई म्हणाल्या.

ताईंनी जिल्ह्याच्या स्पर्धांत कित्येक वर्षं शिट्टी वाजवली आहे. पक्यानं मात्र लेकर्सच्या कोबी ब्रायंटची २४ नंबरची जर्सी घातली, की त्याला सगळेच रेफ्री चोर दिसतात.

"आणि २०२३ मध्ये फिनिक्समधल्या सामन्यात पॉलला दोन टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचे फाऊल, देऊन बाहेर काढलं, ते? पॉल म्हणालाच होता, मामला वैयक्तिक आहे."

"म्हणाला ना? त्याला माईक मिळाला, म्हणून म्हणाला. तुझ्या कोबीनं २०११ मध्ये रेफ्रीला शिवी घातली, एक लाख डॉलर दंड भरला. २०१६ मध्ये शेवटच्या सामन्यात ६० गुण केले, तेव्हा त्या शिवीची आठवण कुणी काढली? खेळाडू जाताना सगळं माफ. रेफ्री जाताना त्याची एकच चूक लक्षात ठेवायची."

"कोबीवर यायचं नाही हां ताई!"

"तुझ्यावर येऊ का मग?"

सगळ्यांना कळलं, गाडी आता आंतरमहाविद्यालयीन फायनलवर जाणार. ताईंनी तेव्हा पक्याला पाचवा फाऊल देऊन सामन्याबाहेर काढलं होतं. तो फाऊल नव्हताच, हे पक्या आजही शपथेवर सांगतो. तो फाऊल होता. मी बेंचवर होतो, मला दिसला.

अण्णांनी गाडी रुळावर आणली. "स्पर्सचा डंकन आणि रेफ्री जोई क्रॉफर्डचं काय म्हणाल? डंकन बेंचवर बसून हसला, म्हणून बाहेर काढलं त्याला."

"ती क्रॉफर्डची घोडचूकच," ताई लगेच म्हणाल्या. "२००७ चा एप्रिल. लीगनं त्याला उरलेल्या मोसमातून आणि प्लेऑफमधूनही बाजूला केलं. म्हातारा समुपदेशकाकडे गेला, रागावर काम केलं आणि परत आला. रेफ्री चुकला तर सगळ्या देशासमोर चुकतो, पक्या. तू चुकलास तर कोच तुला बेंचवर बसवतो, एवढंच."

"परत येऊन काय दिवे लावले?"

"२००८, वेस्टर्न फायनल, लेकर्स विरुद्ध स्पर्स, चौथा सामना. शेवटच्या क्षणी तुमचा फिशर स्पर्सच्या ब्रेंट बॅरीच्या अंगावर गेला. शिट्टी वाजली नाही, लेकर्स दोन गुणांनी जिंकले. दुसऱ्या दिवशी लीगनं कबूल केलं, फाऊल द्यायला हवा होता. रेफ्री कोण होता?"

पक्या चहात बघत राहिला.

"क्रॉफर्ड! त्याच्यावर आग पाखडायला स्पर्सना याहून मोठं निमित्त कुठलं मिळणार होतं? पण त्यांचा कोच पॉपोविच म्हणाला, मी असतो तरी फाऊल दिला नसता. आदर म्हणतात तो हा. शेवटच्या सामन्यातल्या मिठ्यांचं मला सांगू नकोस, कॅमेरा असला की कुणीही मिठी मारतं."

मला ताईंचं हे सोळा आणे पटलं. डंकन आणि क्रॉफर्ड दोघांची कारकीर्द २०१६ मध्येच संपली. डंकनची २१ नंबरची जर्सी त्याच वर्षी सन्मानानं स्टेडियमच्या छताला लागली, आणि ती लागायलाच हवी होती. पण क्रॉफर्डनंही ३९ वर्षं आणि फायनलचे ५० सामने शिव्या खात काढले होते. त्याच्यासाठी कुठलं स्टेडियम उभं राहिलं? निवृत्त होणाऱ्या खेळाडूला रेफ्रीनं मान द्यावा, असं सगळे म्हणतात. उलट बाजूनं कुणी मागत नाही, याचा मला खरंच राग येतो.

"रेफ्री बाव्हेटाला मिळालं की प्रेम," अण्णा म्हणाले. "२००७ च्या ऑलस्टारला माजी खेळाडू बार्कलीशी शर्यत लावून धावला, वय ६७! शेवटी रेषेवर झेप घेतली, आपटला, तरी हरला."

"बार्कली तर उलटा धावत होता," पक्या खुलला. "नंतर त्यानं बाव्हेटाचा मुका घेतला."

"मग होऊन जाऊ दे तुझी नि ताईंची," मागून कुणीतरी ओरडलं. "टपरीपासून खांबापर्यंत!"

पक्या पोट आत घेऊन उभा राहिला, ताईंनी चपला काढल्या. अण्णांनी "तीन" म्हणायच्या आत पक्या सुटला. ताई जागच्या हलल्या नाहीत, दोन बोटं तोंडात घालून त्यांनी अशी शिट्टी मारली की टपरीवाला दचकला.

"लवकर सुटलास. बाद!"

"बघा! परत तेच!" पक्या खांबापाशी जाऊन बोंबलत होता, आणि हसून हसून अण्णांना ठसका लागला होता.